वीस एक, एकवीस आणि आजीच्या गाठी

२०१९ च्या जुलैमध्ये चार दिवस गावी गेले होते. गाव म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातलं, खामगाव तालुक्यातलं. पाऊस लांबलेला, पेरणी अर्धी झालेली, घरातले सगळे आभाळाकडे बघत बसलेले. अशा वेळी घरात करमणूक एकच. चुलतभावाची मुलगी. जिल्हा परिषदेच्या शाळेत नुकतीच दुसरीत गेलेली. ओसरीवर पाय पसरून ती गणिताचं नवंकोरं पुस्तक मोठ्याने वाचत होती. "वीस एक, एकवीस. वीस दोन, बावीस..." असं करत करत गाडी नव्वदीत गेली आणि "नव्वद तीन, त्र्याण्णव" ऐकल्यावर बाजेवर पडलेले आबा उठून बसले.

"अवं पोरी, हे काय वाचून राह्यली?"

"आबा, नव्वद तीन म्हंजे त्र्याण्णव."

"मंग त्र्याण्णवच म्हन ना सरकं! नव्वद अन् तीन कायले पायजे मधात?"

आबा म्हणजे माझे आजोबा. तेव्हा सत्त्याऐंशीचे होते. शिक्षण चौथीपर्यंत, पण खामगावच्या बाजारात अडतीच्या दुकानावर आयुष्यभर हिशेब लिहिलेले. आमच्या घरात कॅल्क्युलेटर आला तेव्हा त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि परत दिला. त्यांना त्याची गरज नव्हती. त्यामुळे "नव्वद तीन" ऐकून त्यांचं डोकं फिरणं साहजिकच होतं. सरकारने पोरांना अडाणी करायचं ठरवलं आहे, असा त्यांचा निकाल लागला.

तेवढ्यात आतून, तूर पाखडता पाखडता, आजी म्हणाली, "खरं तं हाय तिचं. आमी बी असंच मोजत होतो. ईस न एक, ईस न दोन."

आजी शाळेत कधीच गेली नव्हती. तिच्या बोलण्याकडे तेव्हा कोणी लक्ष दिलं नाही. मीही दिलं नाही, खरं सांगायचं तर. पुण्याला परत येताना गाडीत ते वाक्य आठवलं आणि मग ते डोक्यातून जाईना. आज इतक्या वर्षांनी त्यावर लिहायला बसले आहे.

आधी त्या वादाबद्दल. २०१९ च्या जूनमध्ये बालभारतीचं दुसरीचं गणिताचं पुस्तक बाजारात आलं आणि त्यात संख्या वाचायची एक नवी पद्धत दिलेली आहे, हे लोकांच्या लक्षात आलं. एकवीसला "वीस एक", त्रेपन्नला "पन्नास तीन". मग काय, वर्तमानपत्रं, वाहिन्या, व्हॉट्सॲप, सगळीकडे नुसता धुरळा. विधानसभेतही त्यावर कोट्या झाल्या. मराठी मारली, मुलांना पांगळं केलं, असं बरंच काही. पुस्तकात जुनी नावंही शेजारी छापलेली होती, दोन्ही पद्धती दिलेल्या होत्या, हे मात्र फार थोड्यांनी पुस्तक उघडून पाहिलं. गणिताच्या अभ्यास मंडळाच्या अध्यक्ष होत्या डॉ. मंगला नारळीकर. त्यांनी शांतपणे सांगितलं की लहान मुलांना जोडाक्षरांनी भरलेली ही नावं जड जातात, शिवाय बोलण्याचा आणि लिहिण्याचा क्रम उलटा पडतो. मंगलाताई २०२३ च्या जुलैमध्ये गेल्या. त्यांच्यावर तेव्हा जी चिखलफेक झाली ती आठवली की आजही वाईट वाटतं.

त्यांचा मुद्दा अगदी साधा आहे. "त्रेपन्न" म्हणताना तीन आधी येतो, पन्नास नंतर. लिहिताना मात्र पाच आधी, तीन नंतर. ज्या मुलाने ऐकलं तसं लिहिलं, ते ३५ लिहितं आणि मार खातं. त्यात "एकोण"ची भानगड वेगळीच. एकोणपन्नास म्हणजे पन्नासला एक कमी. म्हणजे चाळीसच्या घरातली संख्या वाचायला आधी पन्नास माहीत हवा, आणि त्यातून एक वजा करता यायला हवा. एकोणीस, एकोणतीस करत एकोणनव्वदपर्यंत आलात आणि आता "एकोणशंभर" म्हणाल, तर तिथे नव्याण्णव! आपल्याला हे सगळं इतकं सवयीचं आहे की त्यात काही अवघड आहे हेच आपण विसरलो आहोत. सहा-सात वर्षांच्या मुलाला मात्र एक ते शंभर म्हणजे जवळजवळ शंभर वेगवेगळे शब्द पाठ करणं आहे.

पण मला सांगायचं आहे ते थोडं वेगळं. आबांना जे मोडलं असं वाटत होतं, ते मुळात काय होतं? पहिली-दुसरीतली मुलं आपल्या भागात पूर्वी काय शिकत होती?

त्यासाठी पंतोजीच्या शाळेत जावं लागेल. इंग्रजी अंमलाच्या आधी आणि नंतरही कितीतरी वर्षं गावोगाव ह्याच शाळा होत्या. देवळाच्या ओवरीत, कोणाच्या पडवीत किंवा पारावर. पंतोजीला वर्षाकाठी धान्य, सणावाराला शिधा, थोडेफार पैसे. मूल शाळेत घालायचं म्हणजे धूळपाटी पुजायची. लाकडी फळीवर बारीक धूळ पसरायची आणि काडीने किंवा बोटाने तिच्यात अक्षर काढायचं. चुकलं की हात फिरवला, पाटी कोरी. "ओनामा" हा शब्द आपण अजून वापरतो, तो तिथलाच. "ॐ नमः सिद्धम्" हे मूल पहिल्यांदा गिरवायचं. ते त्याच्या तोंडी "ओनामासीधं" व्हायचं. मग मुळाक्षरं, बाराखडी, जोडाक्षरं. हात बसला की मोडी, कारण व्यवहार सगळा मोडीत. आणि संध्याकाळी दिवेलागणीला परवचा. एकाने म्हणायचं, बाकीच्यांनी मागून.

त्या परवच्यात नुसते बे एके बे नसायचे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच आणि साडेतीन यांचे पाढे. औट म्हणजे साडेतीन. औट घटकेचं राज्य म्हणतो ना आपण, ते साडेतीन घटकांचं. घटका २४ मिनिटांची, म्हणजे ८४ मिनिटांचं राज्य. शब्द राहिला, पाढा गेला.

आता हे अपूर्णांकांचे पाढे सात-आठ वर्षांच्या पोरांना कशाला? आबांनी मला हे एकदा समजावलं होतं आणि तेव्हा मी थक्क झाले होते. रुपयाचे आणे १६. मणाचे शेर ४०. आता ४० ला १६ ने भागा. अडीच. म्हणजे मणाला जितके रुपये भाव, अडीच शेराला तितके आणे. तूर मणाला १२ रुपये असेल तर अडीच शेर १२ आण्यांना. कोणी साडेसात शेर मागितली, तर तीन अडीचक्या, म्हणजे ३६ आणे, दोन रुपये चार आणे. कागद नाही, पेन्सिल नाही. ज्याची अडीचकी पाठ, त्याचा भाव जिभेवर. धान्याची मापंही अशीच दुपटीने चढणारी. दोन कोळवी म्हणजे चिपटं, दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर. तिथे पाव आणि निम्म्याशिवाय पान हलत नाही. म्हणजे पंतोजीची शाळा मुलांना बाजाराची भाषा शिकवत होती. आपण त्याला घोकंपट्टी म्हणून नाकं मुरडतो, पण त्या घोकंपट्टीला दुकानाच्या गादीवर बसल्याबरोबर अर्थ यायचा.

आणि आमच्या भागात बाजार ही काही लहान गोष्ट नव्हती. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. पुढे १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाच्या काळ्या मातीकडे वळली. १८७० मध्ये जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला, तो कापसासाठीच. इतक्या मोठ्या उलाढालीत काटा कोणाचा, माप कोणाचं, वही कोणाची, याला महत्त्व आलं. शेतकरी तोलात बुडतो ही ओरड जुनीच. १८८६ मध्ये आमच्या शेजारच्या मुलखात, कारंजाला, देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये खास वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा आला. आजच्या बाजार समित्यांचं मूळ तिथे आहे. काट्यावर सरकारने लक्ष ठेवायची वेळ आली, ती काट्यापुढे उभ्या असलेल्या बहुतेकांना आकडा वाचता येत नव्हता म्हणूनही.

कारण पंतोजीच्या शाळेत बसत कोण होतं? ब्राह्मणांची मुलं, वाण्यांची मुलं, क्वचित एखाद्या पाटलाचा मुलगा. कुणब्याचं पोर ढोरांमागे. अस्पृश्यांच्या मुलांनी शाळेच्या पायरीशी यायचं नाही. सरकारी शाळा आल्या तरी हे लगेच बदललं नाही. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला, तो नाकारला गेला आणि ते प्रकरण पार वरपर्यंत गेलं. आणि मुली? त्यांचा विचारच नव्हता.

इथे मला आमच्या जिल्ह्यातल्या एका बाईची आठवण येते. ताराबाई शिंदे. जन्म १८५० च्या सुमाराचा, बुलढाण्याचा. वडील बापूजी हरी शिंदे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत कारकून, सत्यशोधक विचारांचे. मुलीसाठी शाळा नव्हती, म्हणून त्यांनीच तिला घरी शिकवलं. मराठी, संस्कृत, इंग्रजीसुद्धा. १८८१ मध्ये सुरतेच्या एका विधवेला, विजयालक्ष्मीला, बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, ती पुढे कमी करण्यात आली. त्या निमित्ताने वर्तमानपत्रांनी सगळ्या बायकांवर तोंडसुख घेतलं. त्यावर ताराबाईंनी जे लिहिलं ते "स्त्रीपुरुष तुलना". १८८२ मध्ये पुण्यात छापलं गेलं. जे दोष तुम्ही बायकांना लावता ते पुरुषांत नाहीत का, असा सरळ सवाल. तो इतका झोंबला की टीकेचा भडिमार झाला. जोतीराव फुल्यांनी "सत्सार"मध्ये त्यांची बाजू घेतली. ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. पुढे हे पुस्तकही लोक विसरले. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं, तेव्हा महाराष्ट्राला कळलं की अशी कोणी बाई बुलढाण्यात होऊन गेली.

मला नेहमी वाटतं, त्या एका घरात एका बापाने मुलीच्या हातात पाटी दिली म्हणून आपल्याकडे ते पुस्तक आहे. त्याच बुलढाण्यात, त्याच आळीत, तिच्याच वयाच्या इतर मुली असतीलच की. त्यांच्या मनात काय होतं, ते कोणालाच कळणार नाही.

आणि योगायोग पाहा. त्याच १८८२ साली हंटर कमिशनपुढे फुल्यांनी निवेदन दिलं. लहान मुलांना काय शिकवावं, हेही त्यात नेमकं सांगितलेलं आहे. मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, थोडा इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीचं प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्याचे चार धडे. बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचं करा, हेही. रयतेच्या पैशावर वरच्या वर्गांची मुलं शिकतात आणि रयतेची पोरं तशीच राहतात, हे त्यांचं दुखणं. त्या यादीत हिशेब आणि मोडी आहेत, हे मला महत्त्वाचं वाटतं. सावकाराचा कागद मोडीत असायचा. अंगठा कशावर उठवतो आहोत, हे कुणब्याला कळायला हवं असेल तर मोडी हवी. १८७५ मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांवर उठाव केला, तेव्हा त्यांनी आधी हात घातला तो कागदांना. कर्जरोखे शोधून जाळले. वाचता येत नव्हतं, पण आपलं आयुष्य त्या कागदात अडकलं आहे हे कळत होतं.

पुढचा इतिहास भराभर सांगते. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला. १९३७ च्या ऑक्टोबरात त्याच प्रांतातल्या वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि झाकीर हुसेन समितीने "नयी तालीम"ची योजना आखली. सात वर्षं मोफत आणि सक्तीचं शिक्षण, मातृभाषेतून, हस्तोद्योगाच्या आधाराने. आबा त्याच सुमारास शाळेत गेले. ते सांगायचे, शाळेत काही दिवस टकळ्या आल्या होत्या. शाळेबाहेर पऱ्हाटी फुटलेली, आत पोरं सूत काढतात. मास्तर मोजायचे किती तार झाले. टकळ्या पुढे माळ्यावर गेल्या, पण परवचा चालूच राहिला. आबांची पावकी-निमकी पक्की झाली ती तिथे.

मग १ एप्रिल १९५७. त्या दिवसापासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. १९५८ पासून टप्प्याटप्प्याने शेर-मण जाऊन किलो-क्विंटल आले. आबा तेव्हा पंचविशीतले, नोकरीत मुरलेले. "एका दिवसात माही अडीचकी भंगारात गेली," असं ते हसत हसत सांगायचे. रुपयात सोळा नाहीत, मणात चाळीस नाहीत, तर त्यांच्या भागाकारातून अडीच कुठून येणार? तरी आबा नवे हिशेब महिन्याभरात शिकले. आधीचे पाढे ज्याच्या अंगात होते, त्याला नवे जड गेले नाहीत. पण शाळेतून मात्र ते पाढे हळूहळू निघून गेले. १९६७ मध्ये बालभारतीची स्थापना झाली आणि राज्यातल्या सगळ्या मुलांच्या हातात एकसारखी पुस्तकं येऊ लागली. माझ्या पिढीने औटकी ऐकली ती फक्त आजोबांच्या तोंडून. आणि तेव्हाही, मला खात्री आहे, कोणीतरी बाजेवर उठून बसून म्हणालंच असेल की सरकारने पोरं अडाणी करायचं ठरवलंय.

म्हणजे वीस एक आणि एकवीसचं भांडण हे अशा बदलांतलं अलीकडचं एक. आणि ते एकट्या मराठीचंही नाही. जर्मन माणूस आपल्यासारखाच "एक आणि वीस" म्हणतो. कानडी, तेलुगू, इंग्रजी वीस आधी म्हणतात. नॉर्वेत पूर्वी एकं आधी म्हणायचे. तिथे १९५१ मध्ये सरकारने क्रम बदलून दशक आधी केलं. कारण काय, तर टेलिफोन! नंबर सांगताना आकड्यांची उलटापालट व्हायची, म्हणून टेलिफोन खात्याने मागणी केली. गंमत म्हणजे इतक्या वर्षांनंतरही तिथे बोलताना जुनी पद्धत ऐकू येते. भाषा कोणाच्या आदेशाने लगेच मरत नाही.

विरोध करणाऱ्यांचं सगळंच चूक होतं असं मी म्हणणार नाही. बाजारात, बसमध्ये, बँकेत माणसं त्र्याण्णवच म्हणणार. शाळेत एक आणि बाहेर एक असं झालं तर पोराची फजिती होईल, ही भीती खरी आहे. एकोणसाठ, त्रेसष्ट, पंचाहत्तर हे शब्द प्राकृतातून घासत घासत आपल्यापर्यंत आलेले आहेत, ते टाकून देववत नाहीत, मलाही. पण तो वाद ऐकताना मला एक सारखं जाणवत होतं. बोलणारे सगळे ते होते ज्यांना त्र्याण्णव येतं. ज्यांची गाडी दुसरीत त्रेपन्नपाशीच अडली, आणि मग गणित आपल्याला जमत नाही म्हणून जे चौथीनंतर शेतात गेले, त्यांना कोणी विचारलं नाही.

आता आजीकडे येते.

दिवाळीत परत गेले तेव्हा मी तिला मुद्दाम विचारलं, ईस न एक म्हणजे काय गं? मग तिने सांगितलं. लग्नाआधी ती आईबरोबर दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचायला जायची. दिवसभर वेचायचं, संध्याकाळी काट्यावर गाठोडं ठेवायचं, मुकादम वहीत लिहायचा. पैसे आठवड्याने. बायकांपैकी कोणालाच वाचता येत नव्हतं. पण आकडा कानावर पडायचा. म्हणून प्रत्येकीकडे एक दोरी. ईस शेर झाले की एक गाठ. "तीन ईसा न पाच" म्हणजे पासष्ट. "पाच ईसा" म्हणजे शंभर. शंभर हा शब्द लागायचाच नाही. हाताची आणि पायाची बोटं मिळून ईस, त्याच्या पुढे गाठ.

एका आठवड्यात तिच्या दोरीला सात गाठी होत्या. सात ईसा. मुकादमाच्या वहीत निघाल्या सहा. तिच्या आईने दोरी दाखवली. मुकादमाने वही दाखवली. दोरी काय, कोणीही बांधेल, तो म्हणाला. वहीत लिहिलं आहे.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय. सहाचे पैसे भेटले."

आबा तिथेच बाजेवर होते. त्यांनी आयुष्यभर वहीच लिहिली. ती वही वेगळी, तो मुकादम वेगळा, आबांनी कोणाचा छदाम बुडवला नाही हे आख्ख्या गावाला माहीत. पण ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे तू मले कधी सांगतलं नाई."

"तुमी कधी इचारलं?" आजी म्हणाली. आणि पुन्हा तुरीला लागली.

ते मला तेव्हा कुठे नीट कळलं. जिला आपण नवी, परकी, इंग्रजीच्या वळणाची पद्धत म्हणतो आहोत, तिच्याशी नातं सांगणारी मोजणी आमच्याच शेतांत चालू होती. फक्त ती ज्यांची होती त्यांना शाळा नव्हती, आणि त्यांच्या मोजण्याला वहीत जागा नव्हती. दीडशे-दोनशे वर्षांत धूळपाटी गेली, मोडी गेली, औटकी गेली, टकळी आली आणि गेली. त्या प्रत्येक वेळी काहीतरी हरवलं हे खरंच. पण ह्या काळात वर्गात जर कोणता मोठा बदल झाला असेल तर तो पाटीवरचा नाही. पाटीसमोर कोण बसलं आहे, हा तो बदल. २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क कायद्याने मिळाला. दुसरीच्या त्या वर्गात आज गावातली सगळ्या घरांतली मुलं आहेत, मुलीही. कोणाचे आईबाप शिकलेले, कोणाचे नाहीत. कोणी घरात त्र्याण्णव ऐकत मोठं झालेलं, कोणी नाही. जी मुलं पिढ्यानपिढ्या बाहेर होती ती आत आल्यावर, त्यांना आत टिकवायचं असेल तर दाराची उंची थोडी कमी-जास्त करावी लागणारच.

२०२१ पासून "निपुण भारत" आलं आहे. तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधं गणित यावं, असं त्याचं उद्दिष्ट. वाचलं की वाटतं, एवढंच? मग १८८२ चं फुल्यांचं निवेदन आठवतं. त्यांनी मागितलेलं साधारण हेच होतं. अजून आपण तिथेच, म्हणजे सगळ्यांना एवढं तरी यावं, या मागणीपाशी उभे आहोत. वीस एक की एकवीस, यावर जेवढा घसा कोरडा केला त्याच्या पावपट यावर केला असता तर बरं झालं असतं.

आबा त्यानंतर दोन वर्षांनी गेले. जाण्याआधी त्यांनी नातीच्या मुलीसारखं लाड करत पणतीला सवायकी आणि दिडकी शिकवली. तिला उपयोग काय, म्हणून भाऊ हसायचा. पण सव्वादहाची गाडी आणि दीड किलो साखर अजून आहेच की आपल्या बोलण्यात. आणि पोरगी एकवीसही म्हणते, वीस एकही म्हणते, तिचं काही अडलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात गेले तेव्हा ती आजीला मोबाइलवर नंबर लावायला शिकवत होती. आकडे जोडीने सांगितले की आजीचा गोंधळ व्हायचा. त्र्याण्णव म्हटलं की बोट आधी तिनावर जायचं. पोरीने दोनदा पाहिलं आणि मग म्हणाली, "आजी, नव्वद तीन."

आजीने नऊ दाबला, मग तीन. पलीकडे माझ्या आत्याने फोन उचलला.